अर्थ हे आमचं खातं नव्हे

आमच्या दाजींइतका कान देऊन ऐकणारा, आणि एवढं ऐकूनही समोरचा काय म्हणाला याचा पत्ता नसणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी माझी अंबाबाईला प्रार्थना आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. भाषाशास्त्राचे प्राध्यापक; नोकरी कोल्हापुरातच, आणि बिऱ्हाड आमच्या गल्लीत. मूळ साताऱ्याकडचे, पण जन्म आणि शिक्षण पुण्यात, त्यामुळे 'आहे'ला 'आहे' म्हणणारे. आमच्या घराण्यात तोवर सगळ्यांत जास्त शिकलेला माणूस मी, आणि माझं शिक्षण म्हणजे आयटीआय करून शिवाजी पेठेत टाकलेलं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. प्राध्यापक जावई मिळाला म्हणून वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले. पेढा तोंडात टाकत कुणीतरी विचारलं, "काय शिकवत्यात पावणं?" वडील म्हणाले, "भाषा." "कुठली?" हे काही वडिलांना ठाऊक नव्हतं. त्यांनी भर मांडवात दाजींना विचारलं. दाजी शांतपणे म्हणाले, "कुठलीही." पेढे खाल्लेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली, आणि दाजींपायी लाज वाटण्याचा जो सिलसिला माझ्या आयुष्यात सुरू झाला त्याचा मुहूर्त तो.

दाजींचं म्हणणं असं की भाषेचा अभ्यास वेगळा आणि अर्थाचा अभ्यास वेगळा. दोन्हींची गल्लत करतात ती अडाणी माणसं. "भाषा कशी चालते ते आम्ही बघतो. ती कुठं चालली आहे, ते बघत नाही," असं ते म्हणायचे. मी एकदा भीत भीत विचारलं, "पण दाजी, माणूस बोलतो ते काहीतरी सांगायलाच ना?" तर सरकारी कचेरीतल्या कारकुनाच्या थंडपणानं म्हणाले, "असेल. पण अर्थ हे आमचं खातं नव्हे." मग समजूत घालण्यासाठी उदाहरण दिलं. "सोनार दागिन्याचं वजन करतो, तेव्हा तो कुणाच्या गळ्यात जाणार याची चौकशी करतो का?" आतून भाकरी थापता थापता अक्का म्हणाली, "करतोय की! गळा बघूनच साज घडवतोय." दाजींनी 'घडवतोय' हा शब्द तेवढा टिपून घेतला, आणि मुद्दा तसाच राहिला.

लग्नात मी त्यांना एक चांगला टेपरेकॉर्डर आहेर केला होता. तो खांद्याला लावून ते हिंडायचे, आणि दुरुस्तीवाला म्हणून व स्कूटरवाला म्हणून मी त्यांच्याबरोबर. मंडईत दोन भाजीवाल्या बायका जागेवरून भांडत होत्या. एकीनं दुसरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दाजी गर्दीतून वाट काढत तिच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, ते शेवटचं पुन्हा एकदा म्हणाल का?" दोघी बायांचं भांडण तिथल्या तिथं मिटलं आणि त्या मिळून आमच्यावर आल्या. मी कोबीच्या ढिगाआड होतो. दाजी मात्र परत येताना खुशीत होते, कारण दुसरीनं त्यांना जे काही म्हटलं त्यात एक फार दुर्मीळ स्वर होता म्हणे.

फुटबॉलच्या मॅचला गेलो तेव्हाचं तर विचारूच नका. आमच्या पेठेची मॅच असली की प्रेक्षकांच्या तोंडून जी भाषा वाहते ती कुठल्या विद्यापीठात मिळणार, या आशेनं दाजी यंत्र घेऊन ऐन गर्दीत बसले आणि माइक प्रेक्षकांकडे केला. मैदानाकडे पाठ करून बसलेला हा चष्म्यातला माणूस बघून मागं कुजबूज झाली, "सीआयडीचा दिसतोय. शिव्या भरून न्यायला आलाय." बघता बघता ती बातमी पायरीपायरीनं वर गेली, आणि जन्मात कुणी ऐकलं नसेल ते मी त्या दिवशी ऐकलं. पंचानं आमच्याविरुद्ध फाऊल दिल्यावर माझ्या शेजारचा पैलवान उभा राहून ओरडला, "पंचसाहेब, आपला निर्णय योग्य नाही!" दाजी हिरमुसले. "सगळे पुस्तकी बोलतायत," म्हणाले. पुढं महिनाभर तालमीतली पोरं मला 'पंचसाहेब' म्हणत होती.

या हसण्यावारी न्यायच्या गोष्टी झाल्या. पण अक्काकडे दूध घालणारा गवळी एकदा सकाळी उशिरा आला आणि उंबऱ्यावर बसून म्हणाला, "म्हस गेली माझी, रातीच्याला." दाजी चहाचा कप ठेवून धावत आत गेले, यंत्र घेऊन आले आणि म्हणाले, "परत म्हणा." तो बिचारा परत म्हणाला आणि त्याला रडू आलं. तर दाजी म्हणतात, "छान. पण रडू नका, रडल्यानं स्वर बदलतो." अक्कानं पदरानं तोंड झाकून घेतलं. मी त्या गवळ्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो, खिशात होते तेवढे पैसे त्याच्या हातात कोंबले, आणि तरी माझी मान वर होईना. दाजी वाईट होते का? अजिबात नाही. कुणाचं वाईट त्यांच्या मनात कधी आलं नाही. त्यांच्या कानातून शब्द आत जायचा आणि वाटेत कुठंतरी माणूस गळून पडायचा, एवढंच. अक्का म्हणायची, "घरात चोर शिरून 'गप ऱ्हा' म्हनाला, तर हे त्याला इचारतील, कुठल्या गावचा तू?"

दाजींचा मोठा ग्रंथ चालला होता तो राधानगरीकडच्या बोलीवर. आणि राधानगरीच्या वाटेवर आमचं मूळ गाव, तिथं आमचे तात्या आणि काकी. तात्या म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. भात, ऊस, दोन म्हशी आणि अखंड थट्टा असा त्यांचा संसार. आई-वडील गेले, मी तर गल्लीतच, म्हणून अक्काचं माहेर म्हणजे काकीचंच घर. दाजींना काकीची भाषा म्हणजे खजिना वाटायची. 'शुद्ध' म्हणायचे. एका उन्हाळ्यात आम्ही तिघंही यंत्रासकट तिथं गेलो.

दाजींच्या अभ्यासाची पद्धत अशी, की एक ठरलेली प्रश्नावली असते. आपण पुस्तकी वाक्य सांगायचं, समोरच्यानं ते आपल्या बोलीत तीन-तीनदा म्हणायचं. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, घोंगडं अंथरून काकीला बसवलं. दाजी म्हणाले, "म्हणा, माझा भाऊ आला."

काकी ताडकन उठली. "आला? कवा आला? कुनी सांगितलं?"

"आलेला नाही. फक्त म्हणायचं."

"न आलेल्याला आला म्हनायचं? लबाड बोलाय लावताय व्हय, जावईबापू?"

तिला ते पटवायला बराच वेळ गेला. मग 'माझी म्हैस व्याली' आलं. काकी म्हणाली, "अजून गाभन बी न्हाई." खांबाला टेकून बसलेले तात्या हसून हसून खोकायला लागले. दाजी नेटानं पुढं चालले होते. त्यांच्या तक्त्यात 'मरणे' या क्रियापदाचे सगळे चौकोन भरायचे होते. 'मी मेले' काकी रोजच म्हणत होती, त्याला हरकत नव्हती. कुत्रं मेलं, झाड मेलं, तेही झालं. राहिला होता एक चौकोन.

"आता म्हणा, माझा नवरा मेला."

काकीनं तात्यांकडे बघितलं. ज्या माणसाला तिनं जन्मभर 'मालक' म्हटलं, त्याला 'नवरा' म्हणायचं, एकेरी म्हणायचं, आणि वर हे. मी घाईनं म्हणालो, "दाजी, नवरा ऱ्हाऊ दे. शेजारी घ्या की एखादा." दाजी म्हणाले, "नात्याचंच हवं." आणि काकीला अगदी मायेनं समजावू लागले, "अहो काकी, हे नुसतं वाक्य आहे. याला अर्थ नाही." काकी म्हणाली, "असलं अभद्र नगं वो मला म्हनाय लावू." तिथंच थांबायला हवं होतं. पण आमच्याकडं जावयाचा शब्द मोडत नाहीत. जावई दारात आला की कोंबडी कापतात. वाक्य मागितलं तर ते नाही कसं म्हणायचं? आणि वर तात्याच म्हणाले, "म्हन की गं! जावई मानूस एवढं सांगतोय. मी बसलोय की हितं जित्ता. तू म्हटलीस म्हनून लगीच आडवा पडतोय व्हय?"

काकीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जमिनीकडे बघितलं आणि ते वाक्य म्हटलं. "थोडं सावकाश," दाजी म्हणाले, "सुटं सुटं." तिनं सावकाश म्हटलं. "अजून एकदा." तिनं अजून एकदा म्हटलं. तात्यांनी टाळी वाजवली. काकी उठून चुलीकडं गेली. जेवताना तिनं दाजींना वाढलं, मला वाढलं, पण तात्यांच्या ताटासमोरून ती हलेचना. भाकरी घ्या, अजून घ्या, कालवण घ्या. तात्या म्हणाले, "आज काय भूत लागलंय हिला?" परतताना मी स्कूटर चालवत होतो आणि मागं दाजी वाऱ्यावर ओरडत होते, "काय स्वच्छ आलंय रे! एकही स्वर पुसट नाही!" अक्का एसटीनं आली. तिनं घरी आल्यावर आंघोळ केली आणि देवापुढं बसली.

त्याच पावसाळ्यात, रोपलावणीच्या दिवसांत, तात्या बांधावर पान खायला म्हणून टेकले आणि तसेच कलंडले. दम लागायचा त्यांना, कैक वर्षं. डॉक्टरनं हृदयाचं कारण सांगितलं. आमच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण अंत्यविधीला बायकांच्या घोळक्यातून जे निघालं ते माझ्या कानावर आलंच: "जावयानं म्हनाय लावलं हुतं. टेपात भरून घेतलंय." राधानगरीच्या वाटेवरून शिवाजी पेठेत येईपर्यंत त्या बोलण्याला असे काही हातपाय फुटले की भाऊबंदकीचा दावा चालू असलेल्या एका गिऱ्हाइकानं दुकानात येऊन, इकडं तिकडं बघत मला विचारलं, "त्या पावण्यांच्या टेपवर दुसऱ्या कुनाचं नाव घालता येतंय काय?" मी त्याला हाकलून दिलं. पण तो काय विचारत होता हे कळून मला हसू आलं होतं, आणि त्या हसण्याचीही लाज वाटली.

अक्का दाजींशी बरेच दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा एका दमात बोलली. "तुमच्या शास्त्रात समदं हाय. सासुरवाडीत काय बोलू नये, त्येवढं न्हाई व्हय? मला आता माहेर न्हाई ऱ्हायलं." मी दाजींकडे बघितलं. एरवी ते 'ऱ्हायलं'वर झडप घालायचे. त्या दिवशी चष्मा काढून पुसत राहिले. शब्दानं माणूस मरत नाही हे जगात ज्याला सगळ्यांत पक्कं ठाऊक, त्या माणसाला ती कॅसेट हातात धरवेना. दिवसकार्याला ते आले, पण सोप्यात न येता बाहेर गोठ्याशी उभे राहिले. पावसात भिजत, म्हशीच्या शेजारी. कुणी त्यांना आत बोलावलं नाही, आणि मीही नाही.

सुगी झाल्यावर ते मला म्हणाले, "काकींकडे जाऊन येऊ." यंत्र घेतलं नाही. वाटभर मागं बसून काहीतरी पुटपुटत होते. काकी सोप्यात तांदूळ निवडत होती. तिनं घोंगडं टाकलं, पाणी दिलं. दाजींनी पाठ करून आणलेलं बोलायला सुरुवात केली. शब्द आणि वस्तू यांचा संबंध कसा माणसांनी ठरवलेला असतो, उच्चारानं घटना घडत नाही, असं काहीसं. मला वाटलं, जमीन दुभंगावी. मध्येच पाठांतर सोडून ते एवढंच म्हणाले, "काकी, माझं चुकलं."

काकीनं सूप खाली ठेवलं. "माझ्या म्हनन्यानं मानूस मरत असता, जावईबापू, तर मालक लगीन झाल्या वर्सालाच गेलं असतं. रोज म्हनत हुते मी, मरा तिकडं. हसायचं ते. मला काय तेवढं कळत न्हाई व्हय? ते दम लागून गेलं."

दाजींनी मान वर केली. त्यांना वाटलं असावं, सुटलो. मलाही तसंच वाटलं.

"पर त्ये रागात," काकी म्हणाली. "रागात म्हटलेलं मनात शिरत न्हाई. तुमी सावकाश म्हनाय लावलासा. सावकाश म्हटलं की दिसतंय वो. मालक त्या खांबाला टेकून हसत हुतं, आन मला ती जागा मोकळी दिसली. मग पुढं महिना-दीड महिना, जित्त्या मानसाकडं बघितलं की मला ती मोकळी जागाच दिसाय लागली. जेवाय वाढताना बी. त्यास्नी कळलं न्हाई. शेवटचे दिस हसतखेळत जायचं, तर मी अशी बसलेली." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तुमचं काय चुकलं न्हाई असं म्हनाय पायजे मी. जावई हायसा. पर म्हनवत न्हाई."

खांबाकडे बघायची माझी छाती झाली नाही. दाजी बघत होते. मग काकीनं चहा ठेवला, आम्ही तो प्यालो, आणि निघताना ती मला म्हणाली, "अक्काला पंचमीला धाड. तिचं काय चुकलंय?"

अक्काचं माहेर परत मिळालं. त्या निरोपात दाजी नव्हते हे तिघांनाही कळलं होतं. दरवर्षी पंचमीला ते अक्काला एसटीनं गावच्या फाट्यापर्यंत सोडायचे आणि तिथून मागं फिरायचे. मी म्हणायचो, "दाजी, चला की. इतकी वर्षं झाली." तर म्हणायचे, "बोलावलेलं नाही." शब्द आणि अर्थ यांतला फरक त्यांनी जन्मभर शिकवला, पण न बोललेल्याचा अर्थ त्यांना त्या एका बाबतीत अचूक कळत होता.

ग्रंथ निघाला तो विसावं शतक उलटल्यावर. पुण्यात त्यावर चर्चा ठेवली होती, मोठमोठी माणसं आली होती. मी शेवटच्या रांगेत. सगळे वाखाणत होते. मग एक तरुण अभ्यासक बाई उठल्या आणि फार आदरानं म्हणाल्या, "सर, तुमचे सगळे तक्ते इतके भरगच्च आहेत. 'मरणे'च्या तक्त्यात एकाच चौकोनात रेघ आहे. ते रूप मिळालं नाही का?"

'मिळालं नाही' एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. मी मनातल्या मनात तेच म्हणत होतो, म्हणा दाजी, म्हणून टाका, नुसतं वाक्य तर आहे. दाजी उभे राहिले. "मिळालं होतं," ते म्हणाले. त्यांनी समोरचा ग्रंथ मिटला. "विचारायला नको होतं." आणि खाली बसले.

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे?" दाजींनी मान हलवली. अध्यक्ष घड्याळाकडे बघून पुढच्या वक्त्याकडे वळले. चहाच्या वेळी दोन विद्वान माझ्याच शेजारी एकमेकांना सांगत होते की वय झालं बिचाऱ्याचं. दाजी कोपऱ्यात बशीत चहा ओतून एकटेच उभे होते. मंडईत मी कोबीच्या ढिगाआड गेलो होतो. त्या दिवशी मी जाऊन त्यांच्याशेजारी उभा राहिलो. लाज तेव्हाही होतीच. फक्त त्यांची कुठली आणि माझी कुठली, ते मला वेगळं करता येईना.

दाजी आता निवृत्त झालेत. परवाच्या पंचमीला माझी गाडी होती म्हणून मीच दोघांना घेऊन गेलो. फाट्यावर अक्का उतरून गावाकडे चालायला लागली, आणि दाजी तिथल्या चहाच्या टपरीवर बसले. हल्ली ते मागं फिरत नाहीत, अक्का परत येईपर्यंत तिथंच थांबतात. शेजारी बसलेला एक म्हातारा सांगत होता, बैलानं पाय धरलाय, लंगडतोय, ऐन कामाच्या दिवसांत. मी जुन्या सवयीनं अंग चोरलं. दाजींनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कोणता पाय?" मग म्हातारा बोलत राहिला आणि ते ऐकत राहिले. त्या टपरीवरून काकीचं घर दिसतं. दाजी घराकडे पाठ करून बसले होते.